विलायती तुळशीवरचा मावा

३ फेब्रुवारी, सोमवार

मोबाइलची काच फुटली. रील दिसत नाही, फक्त फोन लागतो. म्हणून ही डायरी काढली. मालकीण ताईंच्या घरात पडून होती, कुठल्यातरी बियाण्याच्या दुकानाची, मागच्या सालची. वार जुने छापलेत, ते खोडून मी माझे टाकतो. माझ्याबरोबर तोडणीला असते ती पारूबाई म्हणाली, आठवी नापास माणूस लिहिणार काय? मी म्हणलं, तुमच्याशी बोलण्यापरीस कागद बरा. तो उलटं बोलत नाही.

कामाचं लिहितो. हे शेड फुलंब्रीच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. वर हिरवी जाळी, आत वाफे. मालकीण सुरेखाताई. आत पुदिना आहे, बेसिल आहे, आन् पार्सली म्हणून कोथिंबिरीची एक श्रीमंत बहीण आहे. सगळं औषधाबिगर. संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलांत जातं. बेसिलला पारूबाई विलायती तुळस म्हणते. पहिल्या दिवशी म्हणे तिनं पाया पडून तोडायला सुरुवात केली होती. आता म्हणते, हिला घालायला पाणी लागतं, पण मंजुळा देवाला चालत नाही, मग ही कसली तुळस.

आज ताई म्हणाल्या, "माऊली, मार्चमधे बेसिलचा मोठा तोडा आहे. हॉटेलवाले सगळा माल आपलाच घेणार. हा नीट निघाला तर शेड चालू राहील, नाहीतर घरचे म्हणतायत तशी जाळी काढून मका टाकायचा. नीट निघाला तर तू इथं कायमचा. मागची खोली तुझी. आईला घेऊन ये."

आत्ता मी शेडाच्या कोपऱ्यात झोपतो. त्या खोलीला खिडकी आहे. मी मघाशी जाऊन उघडून बघितली.

मी लई कामं सोडली. पुण्याला गवंड्याच्या हाताखाली होतो, हैदराबादला हॉटेलात, वाळूजला कंपनीत. कुठं जीव लागत नाही. सकाळी उठलं की वाटतं, दुसरीकडं काहीतरी चाललंय आन् आपण इथं हाव. आई तिकडं देगलूरच्या पलीकडं, चुलत्याच्या पडवीत झोपते. चुलती भाकरी देते, पण ताट आपटून देते. आई सांगत नाही. फोनमधी आवाज येतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मागच्या वाफ्यात मावा दिसला. शेंड्याचं पान आकसलेलं होतं, उलटं केलं तर खाली हिरवे हिरवे बारके जीव, एकमेकाला चिकटून. बोटानं चिरडलं तर बोट हिरवं आन् चिकट.

ताईंना दाखवलं. त्यांनी आणखी दोन-तीन पानं उलटी करून बघितली. मग म्हणाल्या, निंबोळी अर्क मार, पण हलका. मागच्या खेपेला हॉटेलच्या शेफनं माल परत पाठवला होता, पानाला कडू वास येतो म्हणून. म्हणजे किडीला कडू पाहिजे आन् साहेबाला गोड. दोघांच्या मधी आम्ही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्क मारला, लसूण-मिरचीचं पाणी मारलं, साबणाचं पाणी मारलं. मावा दोन दिवस कमी होतो आन् मग दुप्पट. त्याला लेकरं व्हायला वेळच लागत नाही. पिवळे चिकट पत्रे टांगले, त्याला माशा चिकटल्या, माझे केस चिकटले, मावा पानाखाली मजेत.

दुपारी आईला फोन केला. आवाजावरून तिनं ओळखलं. म्हणाली, "काय रं, सोडून चाललास का हे बी?"

"नाय. कीड पडली पिकावर."

"मग एक कर. काळ्या मुंग्यांना साखर घाल. रोज, तोंड धुतलं की पहिलं हेच. मुक्या जीवाच्या तोंडी घातलं की ते आपलं राखतात. तू पोटात होतास तवा म्या घातली हुती, म्हणून तू जगलास. माझ्या नावानं नवस बोल. आन् एक दिवस बी चुकवू नको, बाबा. बोललेलं चुकलं की बोलणाऱ्याला लागतं."

बोललो. आईच्या नावानं. तोडा होईपर्यंत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताई यायच्या आत साखर आन् पीठ कालवून घातलं. आधी दारापाशी घातलं. मग वाटलं, राखायचं आहे बेसिल, आन् आपण जेवण दारात वाढतोय. म्हणून वाफ्यात नेऊन बुडापाशी चिमूट चिमूट टाकलं. हात जोडले. मुंग्या लगेच आल्या. बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज लई दिवसांनी मन हलकं आहे. मुंग्या बेसिलवर चढल्या! बुडापासून शेंड्यापर्यंत रांग, सरळ माव्याच्या घोळक्यात. खायलाच निघाल्या असणार. आईचं खरं ठरलं. मी पुढच्या वाफ्यांत बी साखर टाकायला सुरू केली.

पारूबाई तोडत होती, एकदम उठली आन् लुगडं झटकायला लागली. "माऊल्या, मुंग्या लई झाल्या की रं."

"काळी मुंगी हाय ती मावशी. लक्ष्मी असते."

"तुझी लक्ष्मी माझ्या मांडीला चावली. काढून घे तिला."

ताईंनी बी विचारलं, मुंग्या कशानं वाढल्या. मी म्हणलं, माव्याला खायला आल्यात. त्या घाईत होत्या, माल घेऊन शहरात जायचं होतं. म्हणाल्या, खाऊ देत, कोणीतरी खा.

साखरेचं सांगितलं नाही. शिकलेल्या बाईला हसू येईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ताईंनी एक डबा आणला, भोकं पाडलेला. कॉलेजातल्या ओळखीच्या मॅडमकडून. आत लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे. ढालकिडे म्हणतात. हे मावा खातात म्हणे, दिवसाला ढिगानं. काडीवर घेऊन एकेका झाडावर सोडले. ताई लहान पोरीसारख्या वाकून बघत होत्या. "माऊली, आता ह्यांच्यावर सगळं आहे."

मी मनात म्हणलं, ह्यांच्यावर बी आन् मुंग्यांवर बी. दोन फौजा झाल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ढालकिडे निकामी निघाले. एक दिसत नाही. काही जाळीच्या फटीतनं उडून गेले, काही वाफ्यात उलटे पडलेले. मुंग्या त्यांना ओढत नेत होत्या. ताई त्या मॅडमवर फोनवर ओरडल्या. मॅडम म्हणे, बाकीच्यांकडं चांगले चाललेत, तुमच्याच शेडात काहीतरी आहे. ताईंनी फोन ठेवला आन् माझ्याकडं बघितलं. मी पंप उचलून दुसऱ्या टोकाला गेलो.

आईचा फोन. "घालतोस ना?"

"घालतो."

"मग कीड?"

काय सांगणार. तिच्या एवढ्या भरवशावर पाणी कसं फिरवू. म्हणलं, "गेली. सगळी गेली. पीक झकास आहे आई."

तिकडं ती कोणाला तरी मोठ्यानं म्हणाली, ऐकलं का, पीक झकास आहे. चुलतीला ऐकवत असणार. कधी नाही ते तिच्या आवाजाला जोर होता. मग मला बी खरंच वाटलं क्षणभर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मागचे वाफे उपटले. पानं चिकट, चिकटावर काळी बुरशी, काजळी फासल्यासारखी. रोपं बाहेर नेऊन खड्ड्यात टाकली, वर माती लोटली.

माल न्यायला टेम्पोवाला कृष्णा येतो. तो म्हणाला, "भाई, कायको जीव जाळतो? एक झाकण औषध टाक पंपात. सुबह तक सगळा मावा खल्लास. पानावर नाव लिहिलेलं असतं का?"

"हॉटेलवाले तपासायला पाठवतात पान."

"सगळी पानं पाठवतात का?"

मी माल टेम्पोत चढवायला लागलो. पण दिवसभर तेच डोक्यात. वाटलं, पिशवी भरावी आन् जालन्याची गाडी धरावी, पुढचं पुढं. पिशवी भरली बी. मग खोलीची खिडकी वाऱ्यानं आपटायला लागली, ती लावायला गेलो आन् परत आल्यावर पिशवी रिकामी केली. का केली ते मला माहीत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास धरला. साखर दुप्पट घातली, एकेका झाडाच्या बुडाला. आता माझ्या हातात दुसरं काय राहिलं? मुंग्यांची वारुळं वाफ्यातच झालीत, मऊ मातीचे ढीग. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसून म्हणलं, बायांनो, खाता आहात तर जरा भरभर खा. माझी आई पडवीत झोपते.

मावा आता पुढच्या वाफ्यांत बी आहे. जिथं साखर जास्त पडते तिथंच जास्त दिसतो. म्हणून तिथं आणखी घालतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आजच लिहून ठेवतो.

दुपारी ऊन लई होतं. वाफ्यातल्या बोळीत पालथा पडलो होतो, थकून. डोळ्यासमोर एक शेंडा. त्यावर मावा आन् मुंग्या. म्हणलं, बघू तरी कशा खातात.

खातच नव्हत्या.

एक मुंगी माव्याच्या मागं गेली. मिशांनी त्याच्या पाठीवर हळू थापट्या मारल्या. त्यानं मागनं एक थेंब सोडला, काचेच्या मण्यासारखा. तिनं तो पिला. मग पुढच्या माव्याकडं. परत थापट्या, परत थेंब. मी लहानपणी चुलत्याच्या शेळ्या पिळल्यात. शेळी पान्हा चोरते तवा कासेला असंच थोपटावं लागतं. मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. दूध काढत होत्या.

तेवढ्यात कुठून तरी एक ढालकिडा आला. आपला, डब्यातलाच उरलेला असेल. शेंड्यावर बसून त्यानं एक मावा धरला, की तीन-चार मुंग्या धावल्या. त्याच्या पायाला लटकल्या, चावल्या. तो पडला. मेंढ्यांवर लांडगा आला की कुत्री जशी जातात तसं.

म्हणजे मावा त्यांची जनावरं. मुंग्या राखतात त्या माव्याला. आन् मी रोज सकाळी राखणदारांना खुराक देत होतो. दारातल्या मुंग्या मीच आत आणल्या. वारुळं मीच वसवली. ढालकिडे मीच मारले.

आईनं सांगितलं ते खोटं नव्हतं. मुक्या जीवांनी राखलं. पण माझं नाही राखलं.

१ मार्च, शनिवार

सकाळी साखर हातात घेऊन उभा होतो. घालू तर पीक जातं. न घालू तर आईच्या नावानं बोललेलं मोडतं. बोललेलं चुकलं की बोलणाऱ्याला लागतं. नाव तिचं घेतलं, मग लागणार कोणाला? शेवटी शेडाच्या बाहेर, पार बांधाच्या कडूनिंबापाशी जाऊन घातली. मुंग्यांनाच घातली. बुडापाशी घालीन असं मी बोललो नव्हतो. देवाशी असा कायदा चालतो का माहीत नाही.

परत आलो तर शेडाचं दार उघडं. ताई आत. पंपाचं झाकण काढलेलं, हातात बाटली. औषधाची. त्यांच्या गाडीच्या डिकीत कधीपासून होती कुणास ठाऊक.

मला बघून दचकल्या. मग म्हणाल्या, "बघतोस काय. धर पंप. आज मारला तर तोड्यापर्यंत वास जाईल."

"ताई, पान तपासतील."

"तपासू देत! नाहीतर तपासायलाच काही राहणार नाही. तीन वर्षं झाली मला हे करताना. सासरे रोज विचारतात, तुझ्या पाल्याला काय भाव आला. पाला म्हणतात. मी आजपर्यंत एक थेंब मारला नाही, माऊली. आज मारणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आन् हात बाटलीचं बूच फिरवत होते.

मी पंपाचा पट्टा धरला. त्यांनी ओढला. मी सोडला नाही.

"सोड."

"ताई, मावा म्या पोसला."

"काय?"

सांगितलं. सगळं. आईचा फोन, साखर, पीठ, बुडापाशी चिमूट चिमूट, ढालकिडे. एक शेंडा तोडून त्यांच्या हातात दिला, म्हणलं बघा. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. लई वेळ बघितलं. मुंगी थापट्या मारत होती.

मला वाटलं कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्या वाफ्याच्या कडेला खाली बसल्या आन् म्हणाल्या, "मारायची नाहीत अशा शंभर औषधांची नावं मी पाठ केली रे. आणि तू साखर घालत होतास."

मग उठल्या. "खोलीचं विसर. ती मी पिकाच्या भरवशावर बोलले होते. पीक कुठाय?"

बाटली पदरात धरून निघून गेल्या. पंप माझ्याकडंच राहिला. पाणीच होतं त्यात.

२ मार्च, रविवार

ताई आल्या नाहीत. जा असं बी म्हणाल्या नाहीत, थांब असं बी नाही. म्हणून कामाला लागलो.

वारुळं खोदली. बादल्या ओतल्या. अंडी तोंडात धरून मुंग्या पळत होत्या, ते बघवत नव्हतं. कालपर्यंत मी ह्यांना जेवायला घालत होतो. चुलीची राख आन् हळद मिसळून उरलेल्या वाफ्यांभोवती जाड रेघ ओढली. हळद पारूबाईनं घरून आणली. "लग्नात लागते तेवढी आणली बघ. तुझं तर काही लग्न होत नाही." साखर बांधापाशीच.

कुत्री हाकलली. आता मेंढ्या.

५ मार्च, बुधवार

फवारा जोरात लावून पानं खालून धुतो. मावा पडतो, सगळा नाही. पारूबाई ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते. दोघांनी दिवसभर केलं तर अर्धा वाफा होतो. वाफे राहिलेत चार. ह्या हिशोबानं तोड्याला पोचत नाही, पण हिशोब करायला बसलो तर हात थांबतात.

आज ढालकिडे दिसले. डब्यातले नाहीत, आपसूक आलेले. मोजले नाहीत, दृष्ट लागेल. त्यांना कुणी हाकलत नव्हतं.

ताई येतात, दारातून बघतात, जातात. माझ्याशी बोलत नाहीत. पारूबाईला सांगतात आन् पारूबाई मला सांगते, मी समोर असलो तरी.

७ मार्च, शुक्रवार

मेलो.

आईचा फोन आला, मागं गाड्यांचा आवाज. "नांदेडच्या स्टँडवर हाय म्या. सकाळच्याला पोचते. पीक झकास हाय म्हणलास, म्हणलं मग थांबायचं कशाला. चुलतीला सांगून आले, आता येत नाय म्हणून. गठुडं बी आणलं."

"आई, जरा थांबली असतीस."

"का?"

म्हणलं, काही नाही, नीट ये. फोन ठेवला. आता ती गाडीत असेल, शेजारणीला सांगत असेल, लेकाला खोली मिळाली. खिडकीची.

आज पहिल्यांदा पळून जावं वाटलं नाही. पळून जाणारा कुठं जाणार, त्याचीच आई स्टँडवर उतरणार.

८ मार्च, शनिवार

सिडको स्टँडवरनं आणली. वाळलीय. गठुडं डोक्यावर, चप्पल एका पायाची शिवलेली. फुलंब्रीच्या गाडीत खिडकीशी बसवलं आन् तिथंच सांगून टाकलं, तिच्याकडं न बघता. खोली नाही. पीक झकास नव्हतं. साखरेनं काय झालं ते.

तिनं गठुडं मांडीवर ओढून घेतलं. हर्सूल मागं पडलं. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या सांगण्यानं गेलं पीक."

"माझ्या घालण्यानं."

"बाईला सांगितलंस? माझं नाव?"

"सांगितलं."

तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडते. थोड्या वेळानं पदराआडून म्हणाली, "आता म्या तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ रं."

पारूबाईनं तिच्या घरी झोपायला नेलं. जाताना मला म्हणाली, "आई तुझ्यासारखी नाय, बरी हाय."

९ मार्च, रविवार

ताईंनी पारूबाईच्या तोंडून मला कळवलं, म्हणजे माझ्यासमोर उभं राहून पारूबाईला सांगितलं. हॉटेलवाल्यांशी बोलणं झालं. सगळा माल नाही, जेवढा स्वच्छ असेल तेवढाच घेतो म्हणाले. परवा सकाळी पाहिजे. एका पानाला जरी मावा निघाला तर सगळं परत.

परवा. आन् वाफे अजून अडीच बाकी. मी पंप भरायला विहिरीवर गेलो. काय लिहू, वाटत होतं की विहिरीतच बसून राहावं.

परत आलो तर आई शेडात. कधी आली, कुणाला विचारलं, काही नाही. पदर खोचून वाफ्याशी बसलेली, पारूबाईचं फडकं फाडून अर्धं घेतलेलं. पान पुसत होती. पोराचं नाक पुसावं तसं, एका हातानं मागनं धरून. एक झालं की दुसरं. मान वर नाही.

ताई दारात उभ्या होत्या. मी जागेवरच थांबलो, पंप पाठीवर, पाणी मानेत गळत होतं. आता काढतील बाहेर. आईला माझ्यासमोर.

ताईंनी चप्पल दारात काढली. आत आल्या, आईच्या समोर वाफ्याच्या पलीकडं बसल्या. मग हात लांब करून त्यांनी आईच्या हातातलं पान धरलं.

"मावशी," म्हणाल्या, "पान उलटं करून पुसा. मावा खालच्या अंगाला असतो."